फिट येत नव्हती, मग गोळी कशाला बदललीत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हे मला जाऊबाईंनी विचारलं, पेढीवरच्या मंडळींनी विचारलं, मिरजेला डॉक्टरांच्या दाराबाहेर बाकड्यावर शेजारी बसलेल्या अनोळखी माणसांनीही विचारलं. विचारण्यात थोडी टोचणी असते: सगळं सुरळीत चाललं होतं, उगाच कशाला हात लावलात?

कॉलेजात असताना मला फिट यायला लागली आणि फेनिटॉइन सुरू झाली. मेडिकलमध्ये लोक एप्टॉइन म्हणून मागतात ती. १९३८ पासून फिटसाठी वापरात असलेली, स्वस्त, सरकारी दवाखान्यातही मिळणारी गोळी. माझ्या बाबतीत तिने काम चोख केलं. फिट थांबली, लग्न झालं, सांगलीत हळदीच्या पेढीवर हिशेब लिहायची नोकरी लागली. गोळीबद्दल तक्रार अशी नव्हतीच.

नव्हती, कारण जे होत होतं ते गोळीमुळे होतंय हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. हिरड्या सुजून दातांवर चढायच्या. ब्रश केला की बेसिनमध्ये रक्त. दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन हिरड्या कापून घेतल्या, काही महिन्यांत पुन्हा तशाच. घरात सगळ्यांचं एकमत, हिला दात नीट घासता येत नाहीत. हनुवटीवर लव वाढली, ती वयावर ढकलली. कठड्याला धरल्याशिवाय जिना उतरवेना, तो दोष चष्म्याला दिला. मध्ये एकदा डोस जरासा वाढवला होता तेव्हा मी सरळ रेषेत चालू शकत नव्हते. पेढीवर कुणीतरी मागून म्हणालं, ‘बाईंनी घेतलीय वाटतं.’ फेनिटॉइनची ही खोडच आहे. एका हद्दीपर्यंत ती शहाण्यासारखी वागते, त्यापुढे गोळी थोडी वाढवली तरी रक्तातली मात्रा भसकन वर जाते. हे मला फार उशिरा कुणीतरी समजावून सांगितलं.

मग एका पावसाळ्यात अंगणातल्या शेवाळावरून घसरले आणि मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्याने हाड मोडावं हे हाडांच्या डॉक्टरांना पटेना. त्यांनी आधी गोळ्यांची नावं विचारली, मग ड जीवनसत्त्व आणि हाडांची घनता तपासून घेतली. दोन्ही कमी. फेनिटॉइन, फिनोबार्बिटोन, कार्बामाझेपिन या जुन्या गोळ्यांनी यकृतातली एन्झाइम्स जास्त जोमाने कामाला लागतात आणि त्यात ड जीवनसत्त्वही लवकर खर्ची पडतं. वर्षानुवर्षं असं चाललं की हाडं ठिसूळ होतात. त्यांनी मिरजेच्या मेंदूच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली. गोळी बदलण्याचा विषय पहिल्यांदा तिथे निघाला.

हे डॉक्टर गोळी बदला असंही म्हणाले नाहीत आणि नको असंही म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलं, ‘बदलताना एक फिट आली, तर तुमचं काय काय जाईल?’

हा प्रश्न मला आजवर कुणी घातला नव्हता. मी गाडी चालवत नाही. लायसन्सच्या फॉर्मवरच फिट येते का हे विचारलेलं असतं, त्यामुळे तो नाद कधी केलाच नाही. काम खुर्चीवर बसून. पेढीवर सगळ्यांना माझं दुखणं माहीत. म्हणजे एका फिटने माझं जाणार होतं ते फार तर एक दिवस आणि थोडी लाज. माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांचा मुलगा साखर कारखान्यात बॉयलरवर होता. त्याची नोकरी गेली असती, कदाचित जीवही. कृष्णेत पोहायला उतरणाऱ्याचं उत्तर वेगळं, चुलीपुढे बसणारीचं वेगळं. माझं बघून कुणी गोळी बदलू नये ते एवढ्यासाठी. आणि न बदलता तशीच चालू ठेवली तर काय जाईल, हेही बघायचं होतं. साठीत खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या बायका मी नात्यात पाहिल्या आहेत.

बदलायचं ठरलं, पण पावसाळ्यात नाही म्हणाले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गावभागात पाणी होतं, पेठेतली दुकानं पाण्यात होती. तशा दिवसांत अर्धवट बदललेल्या गोळ्या घेऊन कुठे धावणार? संक्रांतीनंतर नवी हळद यायला लागली की मला मान वर करायला फुरसत नसते. म्हणून दिवाळी झाल्या झाल्या सुरुवात केली.

आधी नवी गोळी, लेव्हेटिरासेटाम, जोडीला सुरू केली. ती पुरेशा डोसवर आल्यावर जुनी हळूहळू कमी करत गेलो. जुनी एकदम बंद करायची नसते. तसं केलं तर एकामागून एक न थांबणाऱ्या फिट येऊ शकतात आणि त्यात माणूस दगावतो. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून परस्पर गोळी सोडणारे मला भेटतात, तेव्हा माझा आवाज चढतो.

जुनी कमी होत असताना फिट आलीच. पेढीवरच. मला काही आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा जीभ चावलेली आणि एका गालाला हळद माखलेली, कारण पडले ती पोत्यांच्या मधे. एकाने नाकाशी चप्पल धरली होती, दुसरा कांदा आणायला पळाला होता. शहाणपणा केला तो नव्या कारकून पोराने. मला कुशीवर वळवलं, तोंडात काही घालू दिलं नाही आणि घड्याळाकडे बघत बसला. पाच मिनिटांच्या वर गेलं तर दवाखान्यात न्यायचं हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या आत थांबलं. घरी आल्यावर ‘सांगितलं होतं ना’ ऐकावं लागलं. माझ्या लेखी मात्र तो खर्च आधीच खात्याला धरलेला होता.

खात्यात धरलं नव्हतं ते दुसरंच निघालं. हिरड्या उतरायला लागल्या, जिना मोकळ्या हाताने उतरायला लागले आणि माझं डोकं फिरायला लागलं. नवरा एकदा म्हणाला, भाजीत मीठ जरा जास्त झालंय. मी कढई उचलली आणि अख्खी भाजी मोरीत ओतली. लेव्हेटिरासेटामने काहींना असा संताप येतो, काहींचं मन इतकं खचतं की जीव नकोसा वाटतो. असं वाटलं तर त्याच दिवशी सांगायचं. डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितली, पण ती लिहायला लावली नवऱ्याला. रागावलेल्या माणसाला आपला राग रास्तच वाटतो ना!

वही वाचून त्यांनी लॅमोट्रिजीनवर नेलं. ही दर दोन आठवड्यांनी थोडी थोडी चढवतात, कारण घाईने वाढवली तर अंगावर जिवावर बेतणारं पुरळ उठू शकतं. ताप, पुरळ, तोंडात फोड असं काही दिसलं तर लगेच दवाखाना गाठायचा, अशी ताकीद होती. मला झालं नाही. आता हिरड्या ठीक आहेत, स्वयंपाकघरात शांतता आहे. हनुवटीची लव राहिलीय. हाडांचं कळायला वेळ लागेल. महिन्याचा खर्च मात्र वाढला तो वाढलाच.

‘मग आम्हीही बदलू का?’ असं विचारणाऱ्यांना मी गोळीचं नाव सांगत नाही. एका बाबतीत मात्र गप्प बसवत नाही. आमच्या गल्लीत एक मुलगी व्हॅल्प्रोएट या फिटच्याच गोळीवर आहे, तिची स्थळं बघतायत. दिवस राहिल्यावर ही गोळी चालू असेल, तर शंभरातल्या साधारण दहा बाळांना जन्मजात व्यंग असतं आणि तीस ते चाळीस मुलांना बोलण्या-शिकण्यात अडचणी येतात. बाळाचा मणका आकार घेतो तो पहिल्या महिन्यात, आईला दिवस गेल्याचं कळायच्या आधी. काही प्रकारच्या फिटमध्ये दुसरी गोळी तेवढी चांगली लागू पडत नाही, म्हणून बदलून बघायला महिने हाताशी हवेत. लग्नानंतर बघू म्हणून चालत नाही.

तिची आई म्हणते, डॉक्टरकडे गेलो आणि कुणी पाहिलं तर लग्न मोडेल. हिंदू विवाह कायद्यात फिट येणं हा लग्नाला अडथळा होता, तो १९९९ मध्ये काढून टाकलाय, हे मी त्यांना सांगितलं. साखरपुड्याच्या आधी मिरजेला जाऊन या, फिटचं समोरच्यांनाही सांगा, हेही सांगितलं. अजून गेलेल्या नाहीत. पत्रिका दाखवायला मात्र दोनदा जाऊन आल्या.