कोयते गेल्यावरचा शिधा

रविवार, दसऱ्यानंतरचा

चर्चमधली उपासना सुटल्यावर मंडळीची, म्हणजे चर्चच्या सभासदांची, सेवा समिती बसली. गावोगावचे कोयते हलायला लागलेत. कोयता म्हणजे ऊसतोडीला जाणारी नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतली, की दिवाळीच्या मागेपुढे बिऱ्हाड ट्रॅक्टरवर लादून कारखान्याच्या वाटेला लागायचं आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परतायचं. घरी राहतात म्हातारी माणसं आणि त्यांच्या जिवावर सोडलेली शाळेतली नातवंडं. जालन्याच्या मंडळीचा शिधा या माणसांसाठी आणि एवढ्याच महिन्यांसाठी. बारमाही वाटपाची ऐपत नाही, तशी गरजही नाही.

४० घरं ठरली. पैसे जमतात, धान्यही जमतं. घोडं अडतं ते यादीवर. पहिल्या मंडळीतही हेच झालं होतं. रोजच्या वाटणीत आमच्या विधवा सुटतात अशी कुरकुर झाली आणि त्यावर सात माणसं नेमावी लागली. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६. समितीवर नव्यानं येणाऱ्याला आधी तो अध्याय वाचायला द्यावा, वहीखाते नंतर.

मंगळवार

यादी मंडळीत बसून होत नाही. सभासद नावं सांगतात ती आपापल्या ओळखीची आणि ओळखीची माणसं बहुधा रस्त्यालगतच्या घरांत राहतात. गावाबाहेरच्या वस्तीवरची म्हातारी कुणाच्याच ओळखीची नसते. आशाताई आणि अंगणवाडीताई यांना मात्र घरनघर पाठ असतं. बीडच्या हद्दीला लागून असलेल्या जामखेडात रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्यानं १९७० साली काम सुरू केलं, ते गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्य सेविका करून उभं राहिलं. शिध्याच्या यादीलाही तोच मार्ग बरा.

घरी गेल्यावर पाच प्रश्न विचारायचे: घरात सध्या जेवणारी तोंडं किती, रेशनकार्ड कोणतं, गेल्या महिन्यात धान्य खरंच हाती आलं का, चूल की गॅस, दात आहेत का. शेवटच्या प्रश्नावर लोक हसतात, पण पिशवीत काय भरायचं ते त्याच उत्तरावरून कळतं.

रेशनचा प्रश्न खोदून विचारावा लागतो. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो, हे कागदावर झालं. खुरपं-विळा धरून झिजलेल्या बोटांचा ठसा मशीन घेत नाही. हात साबणानं धुऊन, कोरडा करून, दुसरं बोट लावून पाहायचं. तरीही जमलं नाही तर मोबाइलवर ओटीपी येतो. पण आधारला जोडलेला मोबाइल असतो मुलाच्या खिशात, कोल्हापूर-सांगलीकडच्या उसाच्या फडात. मग दुकानातूनच मुलाला फोन लावायचा आणि दुपारच्या सुट्टीत त्याच्याकडून आकडे घ्यायचे. दुसरी अडचण अशी की कार्ड आता कुठल्याही गावात चालतं. मुलानं तिकडे कुटुंबाचं सगळं धान्य उचललं तर इकडे आईच्या वाट्याला काही उरत नाही. आपापल्या तोंडांपुरतंच उचलायचं, हे निघण्याआधी घरात बोलून घ्यावं. अर्ध्या घरांत शिध्यापेक्षा या एका बोलण्यानं जास्त काम होईल.

श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे १५०० रुपये थांबलेत का, हेही तिथल्या तिथे विचारावं. बहुतेक वेळा हयातीचा दाखला राहिलेला असतो, नाहीतर बँक खात्याला आधार जोडलेलं नसतं. अशा म्हाताऱ्याला तहसीलला नेऊन आणणं ही पिशवीपेक्षा मोठी सेवा, पण त्याला लागते एका माणसाची आख्खी कामाची दुपार. ती देणारा सापडणं पिशवी देणाऱ्यापेक्षा अवघड.

शुक्रवार

हंगामाच्या सणाला मंडळीत धान्य येतं, हे ऐकायला छान वाटतं. येतं काय, तर मुख्यतः सोयाबीन. म्हातारीनं ते घेऊन करायचं काय? त्यापेक्षा सोयाबीन, कापूस, भोपळे, कोंबड्या यांचा लिलाव करावा आणि आलेल्या पैशातून मोंढ्यावर, म्हणजे धान्याच्या बाजारात, डाळ घ्यावी. लिलावात गंमत असते. हट्टाला पेटलेले दोघं समोरासमोर आले की एक लिंबू पोत्याच्या भावात जातं. ही रक्कम त्याच दिवशी दोघांनी मोजायची, दोघांनी सह्या करायच्या आणि सोमवारी बँकेत भरायची. घरी ठेवायची नाही, कितीही विश्वासाचं घर असलं तरी.

परदेशातला कुणी पैसे पाठवतो म्हणाला तर आधी पासपोर्ट कुठला ते विचारावं. भारतीय नागरिकानं तिकडच्या कमाईतून रीतसर बँकेमार्फत पाठवलेला पैसा परदेशी देणगीत धरत नाहीत. नागरिकत्व बदललेल्याचा धरतात आणि तो घ्यायला परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची एफसीआरए नोंदणी लागते. नोंदणी नसेल तर हात जोडून नाही म्हणायचं.

आलेली बाजरी आणि मूग दोन दिवस कडक उन्हात पसरून, पूर्ण थंड झाल्यावरच कोठीत भरायचे. गरम धान्य पोत्यात कोंबलं तर आत घाम सुटतो आणि महिन्याभरात पोरकिडे होतात. थरांमध्ये सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला. पोती फळीवर ठेवायची, भिंतीपासून वीतभर लांब. धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या मंडळीच्या खोलीत आणायच्याच नाहीत. त्यांचा वायू जीवघेणा असतो आणि ती खोली संडे स्कूलच्या वर्गाला लागून आहे.

पुढचा शुक्रवार

पिशवीत काय घालायचं यावर आज तासभर वाद. जुन्या यादीत तूरडाळ १ किलो होती. ती काढली. बोअरचं पाणी जड, त्यात तूर शिजता शिजत नाही, चुलीत सरपण मात्र जळत राहतं. गॅसचं सिलिंडर बऱ्याच घरांत शोभेचं आहे. मूगडाळ त्या मानानं लवकर शिजते आणि म्हाताऱ्या पोटाला सोसते. शेंगदाणेही आख्खे द्यायचे नाहीत, कूट करून द्यायचं. भाजणं, टरफल काढणं यात साधारण दहावा हिस्सा घटतो, म्हणून ४० घरांना अर्धा-अर्धा किलो कूट हवं तर २० नव्हे, २२-२३ किलो दाणे घ्यावे. कूट महिन्यावर राहिलं तर खवट होतं, तेव्हा ते वाटपाच्या आदल्या दिवशीच करायचं. महिला मंडळाच्या बायका दाणे लोखंडी कढईत मंद आचेवर भाजतात. घाई केली तर दाणा बाहेरून काळा पडतो, आत कच्चा राहतो.

ठरलं ते असं. एका माणसाला महिन्याला मूगडाळ १ किलो, कूट अर्धा किलो, गूळ अर्धा किलो, साखर अर्धा किलो, तेल १ लिटर, मीठ १ किलो, चहा १०० ग्रॅम, तिखट १०० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, धुण्याचे साबण दोन, अंगाचा एक, काडेपेट्या दोन. साखरेचा आजार असेल तिथे गूळ आणि साखर दोन्ही वगळून अर्धा किलो डाळ जास्त. गहू-तांदूळ नाही, ते रेशनवर मिळतात. मात्र गहू कितीही मिळाला तरी इथल्या म्हाताऱ्या माणसाचं जेवण भाकरीशिवाय होत नाही.

ज्वारीचं पीठ वेगळं, दर पंधरवड्याला २ किलो. महिन्याचं एकदम देऊन चालत नाही. पीठ शिळं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना कडेनं चिरत जाते आणि चवीला कडवटपणा येतो. उलट नुसती ज्वारी दिली तर गिरणीपर्यंत जायचं कसं आणि दळणाचे पैसे कुठले? म्हणून दळूनच द्यायचं. ४० घरांना ८० किलो. गिरणीतून आलेलं पीठ गरम असतं. सुती चादरीवर पसरून तासाभरानं भरलं तरच पिशवीच्या आत पाणी धरत नाही.

शनिवार, भरणीचा दिवस

आधी सगळ्या वस्तू सुट्या वजन करून बांधायच्या, मगच मोठ्या पिशव्या उघडायच्या. वजनकाट्यावर रिकामी पिशवी ठेवून शून्य करायचं. हे विसरलं की प्रत्येक पुडीत थोडं थोडं कमी भरतं आणि घेणाऱ्याच्या ते बरोबर लक्षात येतं. तळाला मीठ आणि डाळ, मधे गूळ आणि साखर, वर कूट आणि चहा. तेलाची थैली तळाला गेली की ओझ्यानं शिवणीत फुटते आणि सगळा शिधा तेलकट होतो, म्हणून ती शेवटी, उभी, वेगळ्या प्लास्टिकात. साबण मोठ्या पिशवीत घालायचाच नाही, बाहेरून कानाला छोटी पिशवी बांधून द्यायचा. एकदा साबणाचा वास चहाला लागला की तो चहा घशाखाली उतरत नाही.

पिशवीवर मंडळीचं नाव छापायचं का, हा प्रश्न दरवर्षी निघतो. उत्तर साधंच: नको. साधी कापडी पिशवी, बाजारातून आणल्यासारखी दिसणारी. आत पत्रक नाही, वचनाची चिठ्ठीही नाही. ज्याच्या घरी चूल थंड आहे त्याला कोणता देव मानतोस हे विचारायचं नसतं, आणि आपण कोण हे सांगायची घाईही नसते. कुणी स्वतःहून प्रार्थना करा म्हणालं तर करावी. गावात शिरण्याआधी सरपंचाच्या कानावर घालावं, म्हणजे उगाच शंका-कुशंका निघत नाहीत. फोटो नाही. हिशेबासाठी वहीत सही किंवा अंगठा पुरतो. देवळासमोर म्हाताऱ्यांची रांग लावून पाहुण्यांच्या हस्ते वाटप हा प्रकार तर मुळीच नको. पिशवी घरी पोचवायची. दोघांनी जायचं, त्यात एक बाई हवीच, कारण दार उघडणारी बहुधा एकटी बाई असते.

नाताळच्या आधीचा गुरुवार

गाण्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. तरुण संघाची पोरं पेटी-ढोलक घेऊन रात्री घरोघर फिरतात. त्यांच्याच जीपमध्ये पांघरुणं गेली, डिझेलचा वेगळा खर्च वाचला. पातळ फुलाफुलाची ब्लँकेटं स्वस्त पडतात, पण दोन धुण्यांत विटून जातात. जाड सोलापुरी चादर आणि खाली घालायला जुन्या लुगड्यांची गोधडी, ही जोडी डिसेंबरच्या थंडीला टिकते. गोधड्या महिला मंडळानं शिवल्या. जमिनीवर निजणाऱ्याला थंडी वरून कमी, खालून जास्त लागते.

रविवार, महिना झाल्यावर

आजच्या फेरीत डबे उघडून पाहिले, अर्थात विचारूनच. मीठ जवळजवळ तसंच, साबणही शिल्लक. कूट आणि गूळ मात्र बहुतेक घरांत आठवड्यातच संपलेला. कारण विचारायची गरज नव्हती. एका घरी ओसरीवर दोन पोरं मूठभर कूट-गूळ एकत्र मळून त्याचे लाडू करत बसलेली, आजी बाजूला कोरा चहा पीत. शाळेत दुपारची खिचडी मिळते, पण रविवारी शाळा नसते. पिशवी एका माणसाची मोजली, खाणारी तोंडं तीन. यादी करताना तोंडांचा प्रश्न विचारला होता, भरताना तो आकडा वापरलाच नाही.

पुढच्या महिन्यापासून नातवंडं असलेल्या १७ घरांना डाळ दीड किलो, कूट आणि गूळ एक-एक किलो. मीठ अर्धा किलो, धुण्याचा साबण एक. ही बचत सगळ्या ४० घरांत. तरी पैसे कमी पडतात. फरक दुसऱ्या रविवारच्या दानार्पणातून घ्यायचा, असं पाळकसाहेबांना सांगायचं. दाणे आता ३२ किलो लागतील. मोंढ्यावर बुधवारी जायचं.