सिस्टरचं नाव कागदावर

आपल्या कोल्हापुरात दवाखान्यातून डिस्चार्ज मिळाला की पेढ्यांचा मोठा पुडा डॉक्टरांच्या केबिनमध्ये जातो आणि छोटा नर्सिंग स्टेशनच्या टेबलावर. तो सगळ्या सिस्टरांत मिळून एक. पहाटे सलाईन बदलायला कोण आली होती, कूस कुणी वळवून दिली होती, ते नाव आपण विचारलेलंच नसतं. आईच्या आजारपणात इथं कॅलिफोर्नियात एक वेगळी रीत बघितली: ज्या सिस्टरनं जपलं, तिचं नाव घालून तिचं कौतुक लिहून द्यायचं. ती आपल्याकडं रुजावी असं फार वाटतं, म्हणून लिहितेय.

आई उन्हाळ्यात माझ्याकडं आली होती. घरामागच्या पायरीवरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट पार पडलं. विम्याची धावपळ झाली, ती सोडून देते.

वॉर्डात रात्रपाळीला एक सिस्टर असायची, मूळची फिलिपिन्सची. आईच्या फाइलवर भाषा म्हणून कुणीतरी हिंदी टाकलं होतं. चाकाच्या स्टँडवरच्या स्क्रीनवर दुभाषा यायचा, हिंदीत भराभर बोलायचा आणि आई सगळ्याला ‘ठीक है’ म्हणून मान डोलवायची. बाकी कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. या सिस्टरनं मात्र मला विचारलं, ‘घरी या कुठल्या भाषेत बोलतात?’ लगेच फाइल दुरुस्त केली आणि खोलीतल्या पांढऱ्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: मराठी, हिंदी नाही. त्याखाली: पाणी कोमट, बर्फ नको. इथं पेशंटला बर्फ घातलेलं पाणी देतात, आणि आईचा ग्लास दरवेळी भरलेलाच राहतोय हे तिनं टिपलं होतं.

मी म्हटलं, दुभाषा कशाला, मी आहे की. तर म्हणाली, ‘तुम्ही लेक आहात, लेकच राहा. जरा चहा पिऊन या.’ सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यांनी पेशंटला फुकट दुभाषा द्यायचा, घरच्या माणसांवर ते काम ढकलायचं नाही, असा इथं नियम आहे. त्यामागचं कारण मला त्या रात्री समजलं. माझ्यासमोर ‘शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?’ असं विचारलं की आई ‘दोन’ म्हणायची. मी बाहेर पडल्यावर स्क्रीनवरच्या अनोळखी मराठी बाईंना ती म्हणाली, ‘सांजपासनं डावी पोटरी लई ठणकतीया. पण पोरीला सांगू नका, आधीच रजा काढून बसलीया.’

सिस्टरनं टेप आणून दोन्ही पोटऱ्या मोजल्या. डावी जास्त भरली, हाताला गरमही लागत होती. ड्युटीवरचे डॉक्टर फोनवर म्हणाले, सकाळी बघू. तिनं पुन्हा फोन लावला, मापं वाचून दाखवली, तरी जमेना तेव्हा इनचार्ज सिस्टरला बरोबर घेतलं. रात्रीच डॉप्लर, म्हणजे शिरांमधला रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी झाली आणि शिरेत रक्ताची गुठळी निघाली. खुब्याच्या ऑपरेशननंतर हा धोका असतोच. अशी गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. रक्त पातळ करणारं औषध तासाभरात सुरू झालं.

घरी आल्यावर आईचा एकच धोशा, ‘त्या पोरीची ओटी भरायची.’ पण पेशंटकडून भेटी घ्यायला तिथं मनाई. मग वॉर्डच्या भिंतीवर बघितलेला डेझी पुरस्काराचा कागद आठवला. १९९९ मध्ये पॅट्रिक बार्न्स नावाचा ३३ वर्षांचा तरुण प्लेटलेट कमी होण्याच्या आजारानं गेला. डॉक्टरांच्या कौशल्यावर त्याच्या घरच्यांचा भरवसा होताच, पण मनात राहिली ती नर्सेसची माया. त्यांचे आभार मानायला त्यांनी संस्था काढली, आणि आज अनेक देशांतल्या दवाखान्यांत तिचा पुरस्कार दिला जातो. पेशंटनं, नातेवाइकानं किंवा सहकाऱ्यानं घडलेली गोष्ट लिहून द्यायची, एवढीच अट. आई सांगत गेली, मी लिहीत गेले.

पुरस्कार द्यायला वॉर्डात सगळे जमले तेव्हा तिथं सकाळचे आठ, कोल्हापुरात रात्रीचे साडेआठ. आई परत गेली होती, राजारामपुरीतून व्हिडिओ कॉलवर बघत होती. तिनं सांगितलेलं सगळं मोठ्यानं वाचलं गेलं, कोमट पाण्यासकट. पोटरीच्या मापांपाशी सिस्टर रडायला लागली. झिम्बाब्वेच्या कारागिरांनी दगडात कोरलेली छोटी मूर्ती तिला मिळाली आणि सगळ्या स्टाफला दालचिनीचे गोड रोल. पॅट्रिकनं आजारपणात स्वतःसाठी ते मागवले, तेव्हा नर्सेसनाही पुरतील एवढे आणायला सांगितले होते, म्हणून ही प्रथा.

माया माणसात असते, पण ती दाखवायला वेळ लागतो. कॅलिफोर्नियात साध्या वॉर्डात एका नर्सकडं पाचपेक्षा जास्त पेशंट द्यायचे नाहीत, असा कायदा आहे. तिला टेप आणायची सवड मिळाली ती यामुळं. आपल्याकडं जनरल वॉर्डात एकटी सिस्टर केवढा पसारा सांभाळते, ते कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, सीपीआरला, रात्र काढलेल्या कुणालाही विचारा. पेशंटच्या बाजूनं उभं राहण्यात आपल्या सिस्टर तसूभरही कमी नाहीत. मुंबईच्या केईएम रुग्णालयातली नर्स अरुणा शानबाग हल्ल्यानंतर शुद्ध हरपून पडली, तिला तिथल्या सिस्टरांनी १९७३ पासून २०१५ मध्ये ती जाईपर्यंत जपलं. तिच्या वतीनं बोलण्याचा हक्क कुणाचा, हा प्रश्न २०११ मध्ये सुप्रीम कोर्टात आला, तेव्हा कोर्टानं तो मान केईएमच्या स्टाफला दिला. राष्ट्रपतींच्या हस्ते मिळणारा फ्लोरेन्स नाइटिंगेल पुरस्कार १९७३ पासून आहे, पण तो देशभरातल्या मोजक्यांच्याच वाट्याला येणार. वॉर्डातल्या सिस्टरला तिचाच पेशंट कौतुकाचं पत्र देतो, अशी सवय आपल्याला लागलेली नाही.

गेल्या महिन्यात शेजारच्या काकू सीपीआरला ॲडमिट होत्या. आई काठी टेकत भेटायला गेली आणि येताना एका सिस्टरचं नाव विचारून आली. संध्याकाळी माझ्या भाच्याला वही घेऊन समोर बसवलं. वॉर्ड, तारीख, कुठली पाळी, आणि काकूंना उलटी झाली तेव्हा वॉर्डातल्या कामाच्या मावशी येईपर्यंत न थांबता सिस्टरनं स्वतः चादर बदलली, हे सगळं त्यात घातलं. काकूंचा अंगठा नको, सही पाहिजे, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. मूळ पत्र मेट्रनच्या ऑफिसात दिलं, आता त्यांना अधिसेविका म्हणतात. झेरॉक्स सिस्टरच्या हातात.