व्हॉल्व्हच्या सेटवर साठ-सत्तरच्या दशकांतला आवाज : कामाची ताजी नोंद

पाच व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरपूर्वी वापरात असलेल्या काचेच्या नळ्या) आणि हिरवा डोळा (केंद्र नीट लागल्याचे दाखवणारा दिवा) असलेला लाकडी पेटीचा रेडिओ सेट आता स्वच्छ बोलू लागला आहे. हा सेट नुसता चालू करणे हा माझा हेतू कधीच नव्हता. रेडिओ सिलोनवर (श्रीलंकेतून हिंदी गाणी लावणारे केंद्र) किंवा आकाशवाणीच्या विविध भारतीवर लागलेले गाणे त्या काळी घरातल्या माणसांच्या कानांवर ज्या आवाजात पडत असे, तो आवाज पुन्हा मिळवायचा आहे, आणि या टप्प्यावर त्याच्या बरेच जवळ आलो आहे.

विजेचे काम थोडक्यात सांगतो. सेट दीर्घकाळ बंद असल्याने सुरुवातीला ६० वॅटचा दिवा सिरीजमध्ये लावूनच वीज दिली. रेक्टिफायरजवळचे (विजेचा प्रवाह एकाच दिशेचा करणाऱ्या भागाजवळचे) तो प्रवाह सपाट करणारे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकले होते, त्यामुळे गाण्याखाली १०० हर्ट्झची घुमघुम सतत ऐकू येत होती. कंडेन्सरांचे जुने डबे चॅसिसवर (सेटच्या धातूच्या सांगाड्यावर) दिसायला तसेच ठेवून नवे कंडेन्सर खालच्या बाजूने झाळले. ईएल ८४ या स्पीकरला आवाज पुरवणाऱ्या व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे (त्याचा प्रवाह आवरणाऱ्या जाळीकडे) जाणारा कागदी कंडेन्सर मात्र सर्वांत आधी बदलावा, कारण तो गळू लागला की ग्रिडवर धन दाब येतो, व्हॉल्व्ह वाजवीपेक्षा जास्त प्रवाह ओढतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळण्याची वेळ येते.

खरा विषय आवाजाचा आहे. सेटच्या मागच्या पिकअपच्या (पूर्वी ग्रामोफोन जोडण्याच्या) भोकांत फोन जोडून जुने गाणे लावले की ते गोड लागते, पण रेडिओवरचे वाटत नाही. पिकअपचा मार्ग थेट आवाजाच्या भागात शिरतो. प्रसारणाचे गाणे मात्र ४५५ किलोहर्ट्झच्या आसपास जुळवलेल्या अरुंद आयएफ ट्रान्सफॉर्मरांतून (हव्या केंद्राचाच संकेत पुढे जाऊ देणाऱ्या भागांतून) गाळून येते आणि त्यात वरचे स्वर बरेच कापले जातात. म्हणून पिकअपच्या वाटेवर सुमारे साडेचार किलोहर्ट्झच्या वरचे स्वर कमी करणारी साधी जोडणी केली, डावी-उजवी बाजू दोन रेझिस्टरांनी एकत्र केली आणि फोन आणि सेट यांचा थेट विजेचा संबंध तोडण्यासाठी मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवला. व्हायोलिनांचा ताफा मागे सरला, गाणाऱ्याचा गळा पुढे आला, आणि ढोलक पेटीच्या लाकडातून बोलू लागला. हा बदल ऐकताना मला झालेला आनंद शब्दांत मावणारा नाही.

मात्र त्या वीस वर्षांचा आवाज एकच नव्हता. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर माहिती आणि प्रसारण मंत्री झाल्यावर आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोते सिलोनकडे वळले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सिलोनवर अमीन सयानींची गीतमाला हा चित्रपटगीतांचा साप्ताहिक कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे बुधवारची रात्र गीतमालेचीच झाली. सिलोन ऐकायचे ते २५ किंवा ४१ मीटरवर, म्हणजे शॉर्टवेव्हवर (दूरवर पोहोचणाऱ्या लघुलहरींवर). आयनांबरावरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परावर्तित होऊन येणारा तो आवाज मध्येच लांब जाई, किंचित फाटे आणि पुन्हा जवळ येई. ३ ऑक्टोबर १९५७ ला सुरू झालेली विविध भारतीही आरंभी शॉर्टवेव्हवरच होती. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर येथे विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या आणि स्थानिक मध्यम लहरींवर तीच गाणी स्थिर, भरीव आवाजात मिळू लागली. यासाठी मी टोनच्या दोन वेगळ्या जुळण्या ठरवल्या आहेत. लहरींची चढउतार किंवा खरखर कृत्रिमरीत्या मिसळण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे; ती हवेतून आली तरच खरी.

गाण्यांच्या निवडीतही शिस्त हवी. रेडिओवर वाजत असे ती तबकडी, चित्रपटातला ध्वनिपट नव्हे; ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण सव्वातीन मिनिटे मावत, त्यामुळे कितीतरी गाण्यांत कडवी, वाद्यांचे तुकडे आणि कधी शब्दही वेगळे आहेत. नंतर ठेका घालून नव्याने बनवलेल्या आवृत्त्या मी यादीतून पूर्णपणे वगळल्या आहेत. मराठी भावगीतांचे काम अधिक अवघड आहे. आकाशवाणीसाठी स्वतंत्र ध्वनिमुद्रित झालेली काही गाणी तबकडीवर वेगळ्या वाद्यमेळात आली, आणि ज्या श्रोत्यांनी ती आकाशवाणीच्या ‘आपली आवड’ या फर्माईशी गाण्यांच्या कार्यक्रमात ऐकली त्यांच्या कानांत नेमके कोणते रूप आहे, हे प्रत्येक गाण्याबाबत तपासावे लागते.

पुण्याचे ७९२ किलोहर्ट्झ सध्या पहाटे उत्तम लागते. दिवसा एलईडी दिवे आणि चार्जर यांचा गोंगाट फार असतो. गच्चीवर लांब तारेची एरियल ओढून तिची जोडतार खिडकीतून आणण्याचे काम पुढच्या टप्प्यात घेतले आहे. त्यानंतर २५ मीटरचा बँड पुन्हा जुळवायचा आहे, कारण डायलवरचा काटा खऱ्या जागेपासून बराच सरकलेला दिसतो. काटा सरकवणारी डायलची दोरी सध्या तात्पुरती बांधली आहे. कोणाकडे न ताणणारी, पातळ, जुन्या प्रतीची दोरी शिल्लक असेल तर तिची जाडी आणि ती कोठे मिळाली हे जरूर कळवावे.