हात न लावता ओळखायची अळंबी

इंग्लंडच्या जंगलात जुन्या बीच वृक्षावर पांढरे, लोंबते काटे दिसले, तर हात लावू नका. हेरिशियम एरिनेशियस ही अळंबी 1981च्या वन्यजीव कायद्याच्या आठव्या परिशिष्टात आहे आणि ती मुद्दाम तोडणं गुन्हा आहे. दुकानात मिळते ती लागवडीची. एका बुरशीसाठी संसदेने कायद्यात जागा करावी, याचं मला फार अप्रूप वाटतं. तिला आतून कुजत चाललेली म्हातारी झाडं लागतात, आणि कुऱ्हाड आधी नेमकी त्यांच्यावरच पडते. आपल्याकडे पावसाळ्यात रानात जाणाऱ्या बायका पुस्तक न उघडता अळंबी ओळखतात, त्यामुळे जाणकारीत आपण मागे नाही. पण असं कलम हवं होतं.

तर ओळख न तोडताच पटवायची. एकाच गोळ्यातून 1 ते 5 सेंटिमीटरचे, फाटे न फुटलेले काटे सरळ खाली लोंबत असतील तर ती एरिनेशियस. पोवळ्यासारख्या फांद्या आणि त्यांवर आखूड काटे असतील तर हेरिशियमचीच दुसरी जात, कोरॅलॉइडीज. एकावर एक थर आणि थरांखाली काटे असतील तर तिसरी जात, सिराटम. कोवळेपणी तिन्ही फसवतात, नुसता खरबरीत गोळा दिसतो. आठवड्याने परत जावं. फोटो बाजूने आणि खालून घ्या, वरून घेतलेल्या फोटोवरून काही ठरत नाही. झाड कोणतं, उभं की पडलेलं, हेही टिपून ठेवा.

जमिनीवर उगवणारी हिड्नम रिपँडम ही काटेरी अळंबी वेगळी. मलईरंगी ओबडधोबड छत्री, बहुधा एका बाजूला सरकलेला जाड देठ, आणि छत्रीखाली 2 ते 6 मिलिमीटरचे काटे. ते देठावरही थोडे उतरतात आणि अंगठा फिरवला की गळतात. बीजाणूंच्या ठशासाठी छत्री, काटे खाली करून, अर्ध्या काळ्या अर्ध्या पांढऱ्या कागदावर वाटीखाली रात्रभर झाका. हिड्नमचा ठसा पांढरा पडतो. तो तपकिरी पडला आणि छत्रीवर खवले असले, तर ती सार्कोडॉन, ही दुसरी काटेरी अळंबी. गवताची पाती पोटात घेऊन वाढलेली, बुचासारखी चिवट असेल तर हिड्नेलम किंवा फेलोडॉन. फेलोडॉनचा ठसाही पांढराच, म्हणून एकट्या ठशावर विसंबू नका, मोडून बघा: हिड्नम कट्कन तुटते, फेलोडॉन चिवटपणे वाकते. फेलोडॉनच्या काही जातींना वाळल्यावर चक्क मेथीचा वास येतो.

दक्षिण इंग्लंडमधल्या न्यू फॉरेस्ट या जंगलात मात्र कुठलीच अळंबी तोडू नये, असं तिथल्या वनखात्याचं सांगणं आहे. तिथे छोटा आरसा छत्रीखाली सरकवून काटे बघावेत.