दीड बोट

काका गाडी घेऊन आले ती बुधवारची संध्याकाळ होती. लाल माझदा एमएक्स-५, पहिल्या पिढीतली, म्हणजे बॉनेटमधून दिवे वर उघडणारी. पुण्यात नऱ्ह्याला माझ्या गॅरेजच्या पत्र्याखाली अशी गाडी त्याआधी कधी उभी राहिली नव्हती. काका इंग्लंडमध्ये नोकरीला होते. १९९०च्या दशकात परतताना ही दोन सीटांची गाडी सोबत घेऊन आले आणि मग सोडलीच नाही. पंधरा वर्षं उलटल्यावर दर पाच वर्षांनी पासिंग, पर्यावरण कर, छताचं कापड दोनदा नवं, सगळं त्यांनी निगुतीनं केलेलं. दार उघडताना बिजागरी कुरकुरली नाही, यावरूनच मला माणूस कळला.

तक्रार तिसऱ्या गिअरची होती. पडतो, पण चढावर पाय दाबला की निसटतो. एका ठिकाणी त्यांना गिअरबॉक्स खोलावा लागेल असं सांगितलं होतं. काकांच्या हातात एक खोका होता. मुलीनं परदेशातून पाठवलेला शॉर्ट शिफ्टर, म्हणजे कमी अंतरात गिअर पडावा म्हणून बदलायचा लिव्हर. म्हणाले, "हा बसवून द्या. गिअरबॉक्स नका खोलू."

खरं सांगायचं तर शॉर्ट शिफ्टर म्हटलं की मी आधी नाही म्हणतो. कॉलेजची मुलं येतात, त्यांना झटक्यात गिअर टाकायचा असतो, आणि सहा महिन्यांत सिंक्रो रिंगची वाट लागते. हात कितीही वेगानं हलवा, गिअर आणि शाफ्ट यांचा वेग जुळवायला त्या रिंगला लागतो तेवढा वेळ लागतोच. हाताचं अंतर कमी केल्यानं रिंग चपळ होत नाही, घाईनं ढकललं की तिच्यावर जोर तेवढा जास्त येतो. तेच मी काकांना सांगायला लागलो, तर त्यांनी डावी बाही वर केली. कोपराच्या मागे लांब व्रण होता.

दोन वर्षांपूर्वी सायकलवरून पडले. हाड मोडलं, प्लेट बसली, व्यायाम झाले, पण हात काही पूर्ण सरळ होईना. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून गिअर डाव्या हातानं. पहिला, तिसरा आणि पाचवा पुढे ढकलायचा. पहिला टाकताना गाडी उभी असते, त्यामुळे माणूस थोडं वाकून घेतो. तिसरा मात्र धावत्या गाडीत, अनेकदा वळणावर टाकायचा असतो.

मी त्यांना गाडीत बसवलं. दोन सीटांमधल्या कन्सोलवर कागदी पट्टी चिकटवली आणि मूठ न्यूट्रलला कुठे असते, तिसऱ्याला कुठे जाते, चौथ्याला कुठे येते, त्या खुणा पेनानं केल्या. मग त्यांना डोळे मिटून, नेहमी बसतात तसं बसून तिसरा टाकायला सांगितला. मूठ खुणेच्या दीड बोट अलीकडे थांबली. दहा वेळा करून पाहिलं. दहाही वेळा दीड बोट. गिअर पूर्ण आत जातच नव्हता, मग चढावर जोर आला की निसटणार नाही तर काय! सीट पुढे घ्यावी तर गुडघे स्टिअरिंगला अडकतात, आणि त्या मॉडेलचं स्टिअरिंग वर-खाली होत नाही.

मी म्हटलं, "काका, उद्या गाडी इथेच राहू द्या."

या गाडीत गिअरचा लिव्हर केबलनं जोडलेला नाही. तो थेट गिअरबॉक्सच्या डोक्यावर उभा असतो, एका गोल गाठीवर डुलतो आणि त्याचं खालचं टोक आतली दांडी मागे-पुढे सारतं. म्हणजे सरळ तरफ. समजा गाठीच्या वर २०० मिमी लांबी आहे आणि खाली ४० मिमी. खालचं टोक १० मिमी सरकवायला वर हात ५० मिमी न्यावा लागेल. खालचा भाग ५० मिमी केला की तेच काम वर ४० मिमीत होतं. अंतर पाचव्या हिश्श्यानं घटलं. पण तरफ काही फुकट देत नाही. हाताला जोर सव्वापट लावावा लागतो. माझी भीती ही होती. ज्या हाताला पोहोच नाही, त्या हातात जोर तरी असेल का?

दुसऱ्या दिवशी गुरुवार. पुण्यात गुरुवार म्हणजे कारखान्यांची सुट्टी आणि बऱ्याच भागांत दुरुस्तीसाठी वीज बंद. गिऱ्हाइकांची वर्दळ कमी असते, म्हणून असं शांतपणे करायचं काम मी मुद्दाम गुरुवारी काढतो. हाताखालचा मुलगा आणि मी सकाळी नऊला लागलो. मूठ फिरवून काढली, कन्सोल उचलला, चामड्याचा बूट, म्हणजे लिव्हरभोवतीचं आवरण, बाजूला केला. त्याखाली रबराचा जाड बूट, चार बोल्टांवर. तो निघाला की आत आणखी एक लहान रबरी बूट. हा खालचा बूट गोल फाटलेला होता. उन्हाळ्यात गिअरची मूठ तापते असं काका बोलता बोलता म्हणाले होते, त्याचं उत्तर इथे सापडलं. गिअरबॉक्सची गरम हवा सरळ वर येत होती.

लिव्हरचे तीन बोल्ट सोडले आणि तो हळूच वर ओढला. टोक बाहेर आलं, पण टोकावर असायला हवी ती नायलॉनची वाटी अर्धीच होती.

ही वाटी म्हणजे अंगठ्याच्या टोकाएवढा बुश. लिव्हरचं खालचं टोक आणि आतली दांडी यांच्यामध्ये ती बसते, म्हणजे लोखंडाला लोखंड घासत नाही. तीस वर्षं गरम तेलात राहून नायलॉन बिस्किटासारखं झालं होतं. चिमट्यानं एकेक तुकडा वर काढला, तेल पुसलं आणि वर्तमानपत्रावर वाटी जुळवायला बसलो. मुलगा म्हणाला, "दादा, एक तुकडा कमी आहे." तुरीच्या डाळीएवढा. बाकी सगळं जुळत होतं, काठाला तेवढी जागा मोकळी.

तो तुकडा आत सोडून नवा लिव्हर बसवला असता, तर कदाचित काहीच झालं नसतं. किंवा एखाद्या दिवशी घाटात तो दांडीच्या फटीत अडकला असता आणि गिअर ना आत ना बाहेर. असं काम माझ्या हातून जाऊ शकत नाही. खोका आलेला, पाने हातात, गिऱ्हाईक वाट बघतंय आणि एवढासा तुकडा. नेमकी तेव्हाच वीज गेली.

बॅटरीच्या उजेडात आत काळं तेल तेवढं दिसत होतं. लिव्हरच्या या कप्प्यात स्वतःचं वेगळं तेल असतं, नव्वद मिलीच्या आसपास. मोठ्या सिरिंजला नळी लावून ते ओढलं आणि चहाच्या जुन्या गाळणीतून पांढऱ्या ताटलीत गाळलं. गाळ आला, तुकडा नाही. लोहचुंबकाचा इथे उपयोग नाही. वाकड्या तारेनं चाचपावं तर तुकडा आणखी आत ढकलला जाण्याची भीती. मुलगा म्हणाला, भरपूर तेल ओतू, तरंगून वर येईल. कल्पना चांगली होती, पण नायलॉन तेलापेक्षा जड, ते तळालाच बसणार. मग तळ कुठे आहे ते आपणच ठरवायचं, असं माझ्या डोक्यात आलं. मागच्या चाकांना ओंडके लावले आणि जॅकनं गाडीचं तोंड चांगलं वर उचललं. आता कप्प्याचा मागचा कोपरा सगळ्यात खाली. थोडं पातळ, स्वच्छ तेल पुढच्या बाजूनं सोडलं, म्हणजे जे काही असेल ते वाहत मागे येईल. नळी त्या कोपऱ्यात टेकवून सिरिंज ओढली. पहिल्यांदा तेल. दुसऱ्यांदा तेल. मधे जेवायची वेळ झाली आणि गेली. किती वेळा ओढलं ते मोजलं नाही, पण एकदा सिरिंजचा दट्ट्या मधेच अडला. तेल येईना. मी नळी तशीच, श्वास रोखून, बाहेर काढली. तोंडाशी तुकडा चिकटलेला होता. मुलानं तो पुसून वर्तमानपत्रावरच्या वाटीच्या काठाला लावला. बसला.

अडीच वाजले होते. आता नवी वाटी कुठून आणायची? खोक्यात लिव्हर होता, वाटी नव्हती. नाना पेठेत सुट्या भागांच्या दोन-तीन दुकानांत फोन करून पाहिले; हिचं नावही कोणी ऐकलेलं नव्हतं. मागवायची तर पंधरवडा गेला असता. आमच्या मागच्या गल्लीत एक मामा लेथ चालवतात, चाळीस वर्षांचा हात. गुरुवार, दुकान बंद. घरी गेलो. जुने तुकडे आणि नवा लिव्हर त्यांच्या पुढ्यात ठेवला. चष्मा लावून त्यांनी तुकडे उलटसुलट पाहिले आणि विचारलं, "पितळेची करू का? जन्मभर टिकेल."

टिकली असती. पण पितळ गिअरबॉक्सचा प्रत्येक थरकाप मुठीपर्यंत पोहोचवतं, आणि त्या कोपरात आधीच लोखंडाची प्लेट. मी नको म्हटलं. नायलॉनही नको, ते पाणी शोषून थोडं फुगतं. मामांकडे पांढऱ्या अ‍ॅसिटालची कांडी पडून होती. घट्ट, गुळगुळीत आणि ओल्याला दाद न देणारं प्लास्टिक. वीज आली सहाला. मामांनी आधी आतल्या गोलाईसाठी टूल घासून घेतलं, त्यालाच पाऊण तास गेला. मग वाटी. व्हर्नियर लावायचे, अगदी हलका कट घ्यायचे, पुन्हा व्हर्नियर. लिव्हरच्या टोकावर वाटी दाबली तेव्हा टक् असा बारीक आवाज आला. मामा काही बोलले नाहीत, फक्त दुसरी एक करायला घेतली. "जोडीला असू दे," म्हणाले.

गॅरेजवर आल्यावर नवा लिव्हर लगेच लावला नाही. आधी जुनाच लिव्हर नव्या वाटीसह बसवला, कारण मला एक गोष्ट बघायची होती. वाटी फुटल्यानं खाली दोन मिमी जरी खेळ आला असेल, तरी वर मुठीशी त्याचे दहा मिमी होतात. कागदी पट्टीवर पुन्हा खुणा केल्या. तिसऱ्या गिअरची खूण जवळजवळ एक बोट अलीकडे आली. दीड बोटातलं एक बोट त्या फुटक्या वाटीनं खाल्लं होतं! उरलं अर्धं.

मग शॉर्ट शिफ्टर बसवला. खालचं टोक लांब असल्यामुळे तळाला टेकत नाही ना, ते ग्रीसचा गोळा दाबून तपासलं. पाचही गिअर आणि रिव्हर्स इंजिन बंद ठेवून शंभरदा टाकून पाहिले. खालच्या बुटाच्या मापाचा रबरी बूट माझ्या जुन्या सामानात निघाला, तो लावला. कप्प्यात नवं ७५डब्ल्यू-९० ऑइल भरलं, जीएल-४ प्रतीचंच. जीएल-५मधले गंधकाचे घटक पितळी सिंक्रोला मानवत नाहीत, म्हणून अशा जुन्या गिअरबॉक्समध्ये मी ते घालत नाही. रात्रीचे अकरा वाजले होते.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला काका आले. मी दोन्ही पर्याय मांडले. जुना लिव्हर हलका, पण अर्धं बोट कमी पडेल. नवा पोहोचेल, पण जड. काका म्हणाले, चालवूनच बघू. आम्ही कात्रजच्या जुन्या घाटाकडे निघालो, ते चालवत, मी शेजारी. गार ऑइलवर दुसरा गिअर जड लागला. मी म्हटलं, थांबा, तापू द्या, ढकलू नका. आंबेगावपर्यंत तो मऊ झाला.

घाट सुरू झाला. पहिल्या मोठ्या वळणानंतर काकांनी क्लच दाबला आणि तिसरा टाकला. माझं लक्ष रस्त्याकडे नव्हतं, त्यांच्या कोपराकडे होतं. कोपर वाकलेलंच होतं. हात ताणला गेलाच नाही. आणि तेव्हा मला माझ्या भीतीचं उत्तर मिळालं. ताणलेल्या हातात त्यांचा जोर नव्हता, वाकलेल्या हातात होता. अंतर कमी झाल्यावर सव्वापट जोर त्यांना जाणवलाही नाही. गाडीनं चढ धरला, इंजिनचा आवाज भरत गेला, गिअर जागचा हलला नाही.

काकांनी चौथा टाकला, पुन्हा तिसरा. पुढच्या वळणावर गरज नसताना पुन्हा चौथा, पुन्हा तिसरा. मी काही बोललो नाही. ही गाडी बनवणारे जपानी लोक 'जिन्बा इत्ताई' म्हणतात, म्हणजे घोडा आणि स्वार एक होणं. आपल्याकडे आपण मांड पक्की आहे म्हणतो. जुन्या बोगद्याच्या अलीकडे त्यांनी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि डावा हात मांडीवर ठेवून थोडा वेळ समोर बघत बसले. मग म्हणाले, "दोन वर्षं मी हिला मंडईपर्यंतच नेत होतो. दुसऱ्या गिअरवर."

परतताना गाडी मामांच्या गल्लीत वळवायला सांगितली. शटर नुकतंच वर गेलं होतं. मामा हात पुसत आले, खिडकीतून आत वाकले आणि दोन बोटांनी लिव्हर हलवला. न्यूट्रल, तिसरा, न्यूट्रल, चौथा. डोळे मिटून ऐकल्यासारखं करत.

"बाजूला किंचित घट्ट आहे," म्हणाले. "हजार किलोमीटरनं बसेल. नाही बसला तर घेऊन या, दुसरी आहे माझ्याकडे."