मूत्रपिंडाचा शेजार

मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत मूतखड्याच्या कळा घेऊन येणारे रुग्ण वाढतात. उन्हात शेतात राबताना घाम भरपूर जातो, पाणी कमी पडते आणि लघवी दाट होते. त्यांतले बरेच जण आधी कंबर चोळून आणि शेकून आलेले असतात. मूत्रपिंडे मुळात पाठीकडेच असतात, हे घरोघरी ठाऊक असायला हवे, असे मला मनापासून वाटते.

सुमारे ११ सेंटीमीटर लांबीची ही दोन इंद्रिये उदरावरणाच्या, म्हणजे पोटाच्या पोकळीच्या पातळ अस्तराच्या मागे, कण्याच्या दोन्ही बाजूंना चरबीच्या थरात असतात. उजवीकडे यकृताने मोठी जागा व्यापलेली असल्यामुळे उजवे मूत्रपिंड सहसा थोडे खाली असते. त्याच्या पुढे यकृत, आतल्या कडेला लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग आणि खाली मोठ्या आतड्याचे वळण येते. यकृत व उजवे मूत्रपिंड यांच्यामधली खाच विशेष महत्त्वाची आहे, कारण उताणे झोपलेल्या माणसात पोटाच्या वरच्या भागातली ती सर्वांत खोलगट जागा असते आणि म्हणूनच अपघातग्रस्ताची सोनोग्राफी करताना पोटात रक्त साचले आहे का, हे तिथे आवर्जून पाहतात. डावीकडे जठर, प्लीहा, स्वादुपिंडाचे शेपूट आणि मोठे आतडे असा शेजार आहे.

पाठीमागे मात्र मध्यपटल (छाती व पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा), बरगड्या आणि कमरेचे स्नायू आहेत. स्नायूच्या दुखण्यात माणूस शक्यतो हालचाल टाळतो. मूतखड्याची कळ आलेला रुग्ण मात्र एका जागी ठरत नाही, तळमळतो, ओकारी काढतो आणि कळ कुशीतून जांघेकडे उतरते, असे सांगतो. अंगठा मागे कमरेवर आणि बोटे पुढे, असा हात ठेवून तो जागा दाखवतो. सोबत थंडी वाजून ताप आला, तर घरी थांबू नये.

दुर्बिणीने खडा काढण्यासाठी पाठीतून वाट करतात, कारण त्या बाजूने आतडी सहसा आड येत नाहीत. तरीही काही जणांत मोठे आतडे मूत्रपिंडाच्या मागे सरकलेले असते, तर वरच्या टोकामागे फुफ्फुसाचे आवरण बाराव्या बरगडीपर्यंत उतरलेले असते. त्यामुळे सुई बरगडीच्या वरून घालावी की खालून, हे सर्जन सीटी स्कॅन पाहून ठरवतात.