काठ-कुणी घर पाहायला जिभीला जाताय? आधी कोपरा बघा

बुकिंगच्या पानावर लिहिलं होतं, 'दोनशे वर्षं जुनं काठ-कुणी घर'. काठ-कुणी म्हणजे दगड आणि लाकडी तुळयांचे थर रचून घर बांधायची हिमाचलची जुनी पद्धत. फोटोत दगड आणि देवदाराचे एकावर एक थर. दिल्ली-मनाली बसमध्ये रात्रभर अंग आंबवून पहाटे औटच्या बोगद्याआधी उतरलो आणि हिमाचलच्या कुल्लू जिल्ह्यातल्या जिभीला पोहोचलो, तर समोर आरसीसीचे खांब आणि दर्शनी बाजूला खिळ्यांनी ठोकलेल्या फळ्या. फळ्यांच्या मधल्या पट्ट्यांत इंचभर जाडीच्या दगडी टाइल्स चिकटवलेल्या. एका टाइलचा कोपरा सुटला होता आणि आतलं सिमेंट दिसत होतं. भाडं मात्र 'हेरिटेज'चं, रात्रीचे साडेचार हजार. मालकाला विचारलं तर शांतपणे म्हणाला, जुनं घर याच जागेवर होतं, ते पाडून हे बांधलं.

ही शुद्ध फसवणूक आहे. जिभीच्या रस्त्याला लागून अशी घरं आता बरीच झालीत, म्हणून पैसे भरण्याआधी मालकाकडून घराच्या बाहेरच्या कोपऱ्याचा जवळून फोटो मागवा. खऱ्या काठ-कुणीत दोन भिंतींच्या तुळया कोपऱ्यावर एकमेकींवर आडव्या-उभ्या बसतात आणि त्यांची टोकं थोडी बाहेर डोकावतात. दुसरा फोटो खिडकीचा मागवा. भिंत हातभर जाड दिसायला हवी. फळी कोपऱ्यावर सपाट कापलेली असेल आणि खिडकीची चौकट चार बोटांची असेल, तर ते नेहमीचं हॉटेल आहे. त्याला हॉटेलचेच पैसे द्या.

खरं काम बघायचं तर जिभीच्या अलीकडच्या बंजारजवळ, चेहनी गावात जा. बंजारहून गाडीने बागीच्या शृंगा ऋषी मंदिरापर्यंत जायचं आणि तिथून पायी चढायचं. या टप्प्याबद्दल सगळे 'छोटासा वॉक' एवढंच लिहितात. हा वॉक नाही, खडी चढण आहे. पायवाटेवर चीडाच्या (पाइनच्या) वाळलेल्या सुया पसरलेल्या असतात, त्यांवरून चांगल्या ग्रिपचे बूटही सरकतात. चढताना फक्त दम लागतो, उतरताना मात्र गुडघ्यांची परीक्षा होते. आमच्यातला सह्याद्रीत नेमाने फिरणारा गडीसुद्धा दोनदा बसला. काठी घ्या आणि आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर जाऊच नका. जिभीतल्या टॅक्सीवाल्याने बागीपर्यंत जाऊन-येऊन आमच्याकडून जे पैसे घेतले, त्याच्या निम्म्यात बंजारच्या स्टँडवरून गाडी मिळत होती. तेव्हा बंजारपर्यंत बसने या.

चेहनीची कोठी, म्हणजे तो उंच मनोरा, फोटोत सगळ्यांनी पाहिलेली असते. खाली नुसत्या दगडाचा भरीव चौथरा, वर दगड-लाकडाचे थर, आणि दारापर्यंत जायला एकाच ओंडक्यात खाचा पाडून केलेली शिडी. 1905 च्या कांगड्याच्या भूकंपात वरचे मजले गेले, उरलेला मनोरा उभा राहिला, असं गावात सांगतात. आम्हाला वर चढू दिलं नाही आणि ते योग्यच आहे. देवाची जागा आहे, न विचारता हात लावू नका.

पण मनोऱ्याचे फोटो काढून लगेच फिरू नका. भोवतीची शेतकऱ्यांची घरं त्याहून जास्त शिकवतात. एका अम्मांनी अंगणात बसू दिलं, तिथून कोपरा अगदी नाकासमोर होता. भिंतीच्या जाडीत दोन समांतर तुळया, आतली आणि बाहेरची. मधल्या पोकळीत दगड ठासलेले. त्यावर दगडांचा थर, परत तुळया. दोन्ही तुळयांना ठराविक अंतरावर आडव्या लाकडी पट्टीने बांधलेलं आणि सांध्यात लाकडाचीच खुंटी. माती, चुना, लोखंड काहीही नाही. लाकूड करडं पडलेलं, पण नखाने दाबलं तर दगडासारखं घट्ट.

हे बघताना मला किल्लारी आठवली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे आमच्या मराठवाड्यातली दगडी घरंच माणसांवर कोसळली. तिथल्या भिंतीही जाड होत्या, पण आतला आणि बाहेरचा थर वेगवेगळा रचलेला, मध्ये माती आणि दगडगोटे, दोन्हींना जोडणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नाही. हादरा बसला की भिंत मधून फुटून दोन्हीकडे ढासळली आणि जड माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, खाली आलं. चेहनीच्या भिंतीत नेमकं हेच फुटणं त्या आडव्या पट्ट्या रोखतात. कोरडे रचलेले दगड थोडे हलतात, घासतात, धक्का जिरवतात, आणि लाकडाची चौकट त्यांना बाहेर पडू देत नाही. छत इथेही जडच आहे, स्लेटच्या पाट्यांचं, पण खालची भिंत एकसंध वागते. दगडी बांधकाम म्हणजे भूकंपात मरण, असं मी लहानपणापासून ऐकत आलो. ते अर्धंच खरं आहे. जोड नसलेली भिंत मारते.

खाली गुरं, मधे धान्य, वर माणसं, आणि वरच्या मजल्याला चारी बाजूंनी बाहेर काढलेली लाकडी गॅलरी. गुरांची ऊब वर येते. दारं इतकी ठेंगणी की वाकूनच आत जावं लागतं, त्यामुळे थंडीही आत कमी शिरते. या घरांना खरी भीती आगीची. कुल्लूतलंच मलाणा गाव 2008 मध्ये जळलं, 2021 मध्ये पुन्हा घरं गेली. घर लागून घर, आत सुका चारा, वर लाकूड. म्हणून कोणाच्याही अंगणात सिगारेट पेटवू नका. हे मी विनंती म्हणून लिहीत नाही.

आणि लोक सिमेंटकडे का वळले, म्हणून नाकं मुरडू नका. देवदार तोडायला वनखात्याची परवानगी लागते, लाकूड महाग आहे आणि सिमेंटची गाडी आता रस्त्याने दारापर्यंत येते. माझा राग सिमेंटवर नाही, त्यावर फळी ठोकून जुन्या घराचे पैसे घेण्यावर आहे.

जिभीच्या वरची जालोरी खिंड आणि तिथून पुढचं सेरोलसर तळं सुंदर आहे, वाट सोपी आहे, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. ऑक्टोबर उत्तम. पावसाळ्यात औट-बंजार रस्त्यावर दरडी येतात, जानेवारीत खिंड बर्फाने बंद असते.

जुन्या घरात मुक्काम मिळाला तर जरूर करा, पण खाली गोठा आहे हे धरून चला. रात्री शेणाचा आणि सुक्या गवताचा वास येतो, संडास बाहेर असतो, स्वयंपाकघरात धूर असतो. हे चालणार नसेल तर बंजारला साध्या हॉटेलात राहा आणि सकाळी लवकर वर या. दुपारी उशिरा चढू नका, उतरायच्या त्या टप्प्यावर अंधार पडता कामा नये.